तोंडओळख : चेहरे लक्षात राहतात ते कसे?

भाद्रपद लागला की रायपूरच्या गोल बाजारात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. छत्तीसगडी घरांतील तीजा आणि मराठी घरांतील हरितालिका एकाच तिथीला, भाद्रपद शुद्ध तृतीयेला येतात आणि त्यापाठोपाठ गणपती बसतो. बांगड्या, टिकल्या, कुंकू, पूजेचे साहित्य, मसाले, भांडी अशी नाना वस्तूंची दुकाने या जुन्या बाजारात दाटीने उभी आहेत. अशा गर्दीत तात्यापारा भागातील एखादे मराठी दांपत्य खरेदीला निघाले आहे, असे कल्पावे. चालता चालता पत्नी थबकते. "अहो, त्या पाहिल्यात का? गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आपल्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या." पती वळून पाहतात. त्या दिवशी दोन तास तेही तेथेच बसलेले होते. कोणती पदे गायली गेली हे त्यांना क्रमाने सांगता येईल. पण हा चेहरा त्यांना मुळीच आठवत नाही. पुढे बांगड्यांच्या दुकानात दुकानदार मान वर करण्यापूर्वीच विचारतो, "दोन-सहाचेच माप ना?" त्याच्या लक्षात मनगट राहिले आहे, चेहरा ओळखायला त्याला आणखी क्षणभर लागतो.

तिघांचीही दृष्टी शाबूत आहे, तिघांचीही बुद्धी तल्लख आहे. तरीही एकाच्या मनात चेहरा राहिला, दुसऱ्याच्या मनात गाणे राहिले आणि तिसऱ्याच्या मनात बांगडीचे माप राहिले. असे का व्हावे? स्त्रियांना चेहरे अधिक लक्षात राहतात, हे घरोघरी ऐकू येणारे विधान खरे आहे काय? आणि ज्या चेहऱ्याबद्दल आपली खात्री असते, तो खरोखर तोच असतो काय?

बँकेच्या दृष्टीने हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत. समोर उभी असलेली व्यक्ती तीच आहे, या निर्णयावर तेथे कोणाच्या तरी आयुष्यभराच्या पुंजीची सुरक्षितता अवलंबून असते.

भाषेतले शहाणपण

मराठी भाषेने या विषयाचा निम्मा उलगडा पूर्वीच करून ठेवला आहे. आपण एखादी गोष्ट "लक्षात ठेवतो", ती "लक्षात राहते" किंवा "लक्षातून जाते". लक्ष म्हणजे अवधान. स्मरणासाठी रोजच्या बोलण्यात आपण अवधानाचाच शब्द वापरतो. जिकडे लक्ष गेले तेच लक्षात राहिले, हा मानसशास्त्रातील सिद्धान्त आपल्या क्रियापदातच दडलेला आहे.

दुसरा शब्द आहे "तोंडओळख". एखाद्याशी केवळ तोंडओळख आहे, असे म्हणताना आपण नकळत एक मर्यादा सांगत असतो. चेहरा माहीत आहे, माणूस माहीत नाही, असा त्याचा अर्थ होतो. तोंडओळख आणि ओळख या दोहोंतील अंतर किती मोठे असू शकते, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे.

मेंदू चेहरा कसा वाचतो

मनुष्याचा मेंदू चेहरा सुटा सुटा वाचत नाही. कपाळ, डोळे, नाक, ओठ यांची यादी करून तो चेहरा ओळखत नाही, तर त्यांच्यातील परस्पर अंतरांसह संपूर्ण रचना एकाच वेळी टिपतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये याचा एक साधा पुरावा पुढे आणला. छायाचित्रे उलटी धरली तर घरे किंवा विमाने ओळखणेही थोडे कठीण जाते. परंतु उलटा चेहरा ओळखणे त्याहून कितीतरी अधिक अवघड होते. रचना बिघडली की चेहऱ्याचे वाचनच अडखळते. कोविडच्या साथीत मुखपट्टी लावलेल्या परिचितांना ओळखताना अनेकांची जी तारांबळ उडाली, तिचेही कारण हेच होते. डोळे उघडे असले तरी चेहऱ्याची संपूर्ण रचना हाती लागत नव्हती.

या कामात मेंदूच्या खालच्या पृष्ठभागावरील एक भाग विशेष सक्रिय होतो, असे नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. मेंदूला इजा झाल्यावर काही रुग्णांना आप्तांचेही चेहरे ओळखता येत नाहीत, मात्र आवाज ऐकताच ते माणूस ओळखतात. जर्मन वैद्य योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन करून या विकाराला स्वतंत्र नाव दिले. काही व्यक्तींमध्ये हा दोष जन्मजात असतो. याउलट, एकदाच पाहिलेला चेहरा वर्षानुवर्षे न विसरणारे लोकही असतात. बहुतेक सर्वजण या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात.

परिचित चेहऱ्यांच्या बाबतीत आपली शक्ती खरोखर थक्क करणारी आहे. हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ३९२ व्यक्तींना त्यांच्या शाळेतील वर्गबंधूंची जुनी छायाचित्रे इतर चेहऱ्यांत मिसळून दाखविली. शाळा सोडून तीस-पस्तीस वर्षे झालेल्यांनीही सुमारे ९० टक्के चेहरे अचूक ओळखले. नावे आठवण्याच्या बाबतीत मात्र त्यांची स्थिती पुष्कळच निराळी होती. "चेहरा ओळखीचा वाटतो, नाव काही आठवत नाही" हा अनुभव त्यामुळे कोणा एकाच्या विसराळूपणाचा नसून मनुष्यमात्राचा आहे.

नुसते पाहणे आणि लक्ष देऊन पाहणे

वर्गबंधूंचे चेहरे वर्षानुवर्षे रोज डोळ्यांसमोर असतात. परंतु एकदाच, काही क्षण दिसलेल्या चेहऱ्याचे काय? येथे लक्षाची कसोटी लागते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील गॉर्डन बॉवर आणि मार्टिन कार्लिन यांनी १९७४ मध्ये केलेला प्रयोग या संदर्भात मुद्दाम अभ्यासण्यासारखा आहे. सहभागी व्यक्तींना अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविण्यात आली आणि प्रत्येक चेहऱ्याबाबत एक प्रश्न विचारण्यात आला. काही चेहऱ्यांबाबत प्रश्न होता : हा चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा? काहींबाबत होता : ही व्यक्ती प्रामाणिक वाटते काय? आणि काहींबाबत : ही व्यक्ती आवडण्याजोगी वाटते काय? नंतर तेच चेहरे नव्या चेहऱ्यांत मिसळून ओळखायला लावले. ज्यांच्या स्वभावाचा विचार केला गेला होता, ते चेहरे चांगले लक्षात राहिले होते. ज्यांच्याकडे केवळ "स्त्री की पुरुष" एवढ्याच नजरेने पाहिले गेले, ते तुलनेने फारच कमी ओळखले गेले.

या निष्कर्षाचा अर्थ दूरगामी आहे. चेहऱ्याला एखाद्या वर्गात टाकून मोकळे होणे हे पाहण्याचे सर्वांत उथळ रूप होय. "एक बाई", "एक म्हातारा", "एक मजूर" एवढ्यावर मनाचे समाधान झाले की ते पुढे पाहतच नाही. त्या चेहऱ्यामागे एक स्वतंत्र व्यक्ती आहे, असा विचार झाला तरच तो चेहरा मनात घर करतो.

डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने हीच गोष्ट काहीशा गमतीदार रीतीने समोर आणली. विद्यापीठाच्या आवारात एक अनोळखी मनुष्य वाटसरूला रस्ता विचारू लागे. बोलणे चालू असतानाच दोन माणसे एक मोठे दार उचलून दोघांच्या मधून जात. त्या दाराच्या आडोशाने रस्ता विचारणारा मनुष्य निघून जाई आणि दुसराच त्याच्या जागी उभा राहून संभाषण पुढे चालवी. पंधरा वाटसरूंपैकी केवळ सात जणांना माणूस बदलल्याचे कळले. पुढच्या फेरीत रस्ता विचारणाऱ्यांनी बांधकाम मजुरांचा वेश केला, तेव्हा बारापैकी फक्त चौघांच्या हे ध्यानात आले. वेश पाहून "मजूर" असा शिक्का बसला आणि त्या शिक्क्याखाली चेहरा झाकला गेला.

एकाच वेळी दोन कामे करताना पाहिलेले चेहरे नंतर ओळखणे अवघड जाते, हेही प्रयोगांनी वारंवार दिसून आले आहे. भ्रमणध्वनीवर बोलत बोलत ज्याच्याकडून वस्तू घेतली, त्या विक्रेत्याचा चेहरा संध्याकाळी आठवत नाही, यात नवल काहीच नाही.

स्त्रियांचे स्मरण, पुरुषांचे स्मरण

आता गोल बाजारातील त्या दांपत्याकडे वळावे. पत्नीला चेहरा आठवला आणि पतींना आठवला नाही, हा केवळ योगायोग होता काय?

स्वीडनमधील आग्नेटा हर्लिट्झ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. हर्लिट्झ आणि योहाना लोवेन यांनी २०१३ मध्ये पूर्वीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातून असे दिसले की, स्त्रिया व मुली यांना पुरुष व मुलगे यांच्यापेक्षा सरासरीने अधिक चेहरे लक्षात राहतात. परंतु हा फरक सर्व चेहऱ्यांच्या बाबतीत सारखा नाही. स्त्रियांचे चेहरे ओळखताना तो ठळकपणे दिसतो; पुरुषांचे चेहरे ओळखताना तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे स्त्रियांना विशेषेकरून स्त्रियांचे चेहरे लक्षात राहतात. पुरुषांमध्ये पुरुषांच्या चेहऱ्यांकडे असा कल आढळत नाही.

हा फरक लहान वयातही दिसतो. येनी रेनमन आणि हर्लिट्झ यांनी २००६ मध्ये नऊ वर्षांच्या स्वीडिश मुलामुलींना स्वीडिश आणि बांगलादेशी, अशा दोन्ही समाजांतील चेहरे दाखविले. मुलींचे स्मरण मुलग्यांपेक्षा सरस ठरले आणि स्त्रियांच्या चेहऱ्यांबाबत ते अधिकच सरस ठरले. आपल्या समाजातील चेहरे परक्या समाजातील चेहऱ्यांपेक्षा अधिक ओळखले जातात, हेही दिसून आले. हा दुसरा कल १९६९ मधील मॅलपास व क्रॅव्हिट्झ यांच्या अभ्यासापासून जगभर वारंवार नोंदविला गेला आहे. जे चेहरे आपण रोज पाहतो, त्यांतील बारकावे आपल्याला कळू लागतात. जे क्वचित पाहतो, ते आपल्याला एकसारखेच भासतात.

मग स्त्रिया स्त्रियांच्या चेहऱ्यांकडे अधिक लक्ष देतात, एवढेच या फरकाचे कारण आहे काय? तसे असेल, तर त्यांचे लक्ष दुसऱ्या कामात गुंतविल्यावर हा विशेष नाहीसा व्हावयास हवा. लोवेन, हर्लिट्झ आणि रेनमन यांनी २०११ मध्ये नेमकी हीच गोष्ट पारखून पाहिली. चेहरे पाहताना सहभागी व्यक्तींचे लक्ष विभागले गेले, तरीही स्त्रियांचा स्त्रियांच्या चेहऱ्यांकडील कल कायम राहिला. त्या क्षणी जाणीवपूर्वक दिलेले लक्ष हे याचे संपूर्ण स्पष्टीकरण नव्हे, असाच याचा अर्थ होतो. त्यामागे बालपणापासून मुरलेली पाहण्याची सवय असावी, असा एक विचार मांडला जातो.

या विचाराला पूरक असा एक अभ्यास पॉल क्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये केला. आईच्या सहवासात वाढणारी तीन-चार महिन्यांची अर्भके पुरुषाच्या चेहऱ्यापेक्षा स्त्रीच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहत राहिली. ज्या थोड्या अर्भकांचे संगोपन मुख्यतः वडील करीत होते, त्यांच्यात मात्र हा कल उलट दिसला. अशा अर्भकांची संख्या मोजकी असल्याने त्यावरून मोठे निष्कर्ष काढणे उचित होणार नाही; तथापि ज्याचा सहवास, त्याच्या चेहऱ्याचा अभ्यास, हे सूत्र त्यातून सूचित होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे सारे फरक सरासरीचे आहेत. एखाद्या पुरुषाचे चेहऱ्यांचे स्मरण शंभर स्त्रियांहून तीव्र असू शकते आणि एखादी स्त्री शेजारणीलाही बाजारात ओळखणार नाही. "बायकांना सगळे चेहरे आठवतात" किंवा "पुरुषांना काही आठवत नाही" या विधानांना संशोधनाचा आधार नाही. फरक आहे, पण तो माफक आहे. आणि तो कोणाचे चेहरे पाहिले जात आहेत यावर अवलंबून आहे.

पानिपतनंतरचा तोतया

चेहऱ्याच्या स्मरणावर किती विसंबावे, या प्रश्नाने एके काळी संपूर्ण मराठी राज्याला ग्रासले होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु भाऊसाहेब जिवंत आहेत, अशी आशा अनेकांच्या मनात रेंगाळत राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी अखेरपर्यंत वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत, असे इतिहासकार सांगतात. या आशेचा लाभ उठवीत उत्तरेकडील सुखनिधान नावाच्या एका मनुष्याने आपणच भाऊसाहेब असल्याचा दावा केला. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी होऊन तो कैदेत पडला. पण प्रकरण तेथे संपले नाही. १७७६ मध्ये रत्नागिरीहून तो मोकळा झाला आणि पाहता पाहता कोकणातील किल्ले व हजारो माणसे त्याच्या बाजूला गेली. अखेर तो पकडला गेला, पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकर यांच्या "तोतयाचे बंड" या नाटकाने हा प्रसंग पुढच्या पिढ्यांच्याही स्मरणात ठेवला. रायपूर-रतनपूरच्या मुलखावर त्या वेळी बिंबाजी भोसले यांचा अंमल होता.

त्याच्यामागे गेलेल्यांत काही स्वार्थी असतील, काही पेशवे दरबारावर रुष्ट असतील. परंतु पुष्कळ जण भोळ्या विश्वासानेही गेले असले पाहिजेत. भाऊसाहेबांना त्यांनी कधी पाहिले असेल तर ते दुरून, स्वारीच्या झगमगाटात. आणि त्यालाही पंधरा वर्षे लोटली होती. दुरून पाहिलेला चेहरा आणि सहवासातील चेहरा यांत किती अंतर असते, हे माईक बर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले. सुरक्षा कॅमेऱ्यातील अस्पष्ट चित्रफितीतूनही परिचित व्यक्ती सहज ओळखल्या गेल्या; अपरिचित व्यक्ती ओळखताना मात्र अनुभवी पोलीसही चुकले. परिचित चेहऱ्यांबाबत आपण जवळजवळ अचूक असतो आणि त्या अचूकतेचा गर्व आपण अपरिचित चेहऱ्यांनाही लागू करतो. फसवणुकीला वाट मिळते ती येथेच.

बँकेच्या खिडकीवर

बँकेच्या व्यवहारात हा धोका किती खरा आहे, याचे उत्तर लंडनमधील एका प्रयोगात मिळते. रिचर्ड केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एका मोठ्या दुकानातील रोखपालांसमोर छायाचित्र असलेली क्रेडिट कार्डे ठेवली. काही कार्डांवर ग्राहकाचे स्वतःचे छायाचित्र होते, काहींवर दुसऱ्याच व्यक्तीचे. अभ्यास चालू असल्याची रोखपालांना कल्पना होती. तरीही दुसऱ्याचे छायाचित्र असलेल्या कार्डांपैकी निम्म्याहून अधिक कार्डे स्वीकारली गेली. ऑस्ट्रेलियातील पारपत्र अधिकाऱ्यांवर डेव्हिड व्हाइट व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरची व्यक्ती आणि छायाचित्र वेगळे असतानाही सुमारे १४ टक्के प्रसंगी ते जुळल्याचा निर्वाळा देण्यात आला. नोकरीची वर्षे वाढल्याने या कामातील अचूकता वाढल्याचे दिसले नाही.

अनुभवी डोळ्यांचीही ही कथा लक्षात घेतली, म्हणजे बँकेच्या नियमांमागील विचार समजू लागतो. कालिदासाच्या नाटकाच्या नावातील "अभिज्ञान" या शब्दाचा अर्थ ओळखीची खूण असा आहे. चेहरा विसरलेल्या राजाला अंगठी पाहून शकुंतला आठवली. बँकेतही चेहऱ्याच्या जोडीला अशी खूण लागते. पूर्वी खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख मागितली जात असे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००४ मध्ये "आपला ग्राहक ओळखा" या संबंधीचे नियम विस्ताराने घालून दिल्यानंतर कागदपत्रांवर आधारलेली ओळख केंद्रस्थानी आली. खातेदाराचे छायाचित्र घेतले जाते, तरीही छायाचित्र हे नमुना स्वाक्षरीला पर्याय ठरू शकत नाही, असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलेले आहे. आजारी वा वृद्ध खातेदार सही करू शकत नसेल, तर त्याच्या अंगठ्याच्या ठशाची ओळख बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी पटवावी आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असेही सांगितले आहे. जानेवारी २०२० मध्ये चित्रसंवादाद्वारे ग्राहकाची ओळख पटविण्यास मान्यता मिळाली, तीही कागदपत्रांच्या पडताळणीसह.

म्हणून वीस वर्षांच्या खातेदाराला "आपले ओळखपत्र दाखवाल का?" असे विचारले गेले, तर त्यात अविश्वास नसतो. उद्या त्यांच्याशी साम्य असलेली एखादी व्यक्ती त्यांचे पासबुक घेऊन त्याच खिडकीवर उभी राहिली, तर हाच प्रश्न त्यांच्या ठेवीचे रक्षण करील.

खिडकीपलीकडची स्त्री

या सर्व अभ्यासाचा आणखी एक धडा आहे आणि तो कदाचित अधिक मोलाचा आहे. छत्तीसगडमध्ये मार्च २०२४ पासून महतारी वंदन योजनेचे दरमहा १,००० रुपये विवाहित स्त्रियांच्या खात्यांत थेट जमा होऊ लागले. महाराष्ट्रातही त्याच वर्षी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये स्त्रियांच्या खात्यांत येऊ लागले. बचत गटांच्या सभासद स्त्रिया त्यापूर्वीपासून बँकेत येतच होत्या. यांपैकी अनेकींसाठी स्वतःच्या नावाचे खाते ही नवी गोष्ट आहे.

अशी एखादी स्त्री डोक्यावर पदर घेऊन खिडकीशी उभी असते. शेजारी पती, मुलगा किंवा दीर असतो. बोलणे तोच करतो, कागद तोच पुढे सरकवितो. साहजिकच कर्मचाऱ्याचे लक्षही त्याच्याकडेच राहते. स्त्रीकडे एक ओझरती नजर जाते आणि "सोबतची बाई" एवढी नोंद होऊन थांबते. बॉवर आणि कार्लिन यांच्या प्रयोगातील सर्वांत लवकर विसरले गेलेले चेहरे ज्या प्रकारे पाहिले गेले होते, नेमका तोच हा प्रकार होय. खाते तिचे असते, लक्षात मात्र तो राहतो. उद्या तिचे पासबुक आणि अंगठा उठविलेली पावती घेऊन दुसरी एखादी स्त्री त्याच माणसासोबत आली, तर ओळखीचा वाटणारा त्याचा चेहराच तिच्या ओळखीची जागा घेईल. मूळ खातेदार स्त्रीच्या हक्काच्या पैशाला लागलेली ही गळती कदाचित कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांचीही छायाचित्रे बँकांनी घ्यावीत, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले, त्यामागील आशय यातून स्पष्ट होतो. छायाचित्रामुळे ती स्त्री स्वतंत्र खातेदार म्हणून नोंदली जाते. परंतु कागदावरील छायाचित्राला कर्मचाऱ्याच्या लक्षाची जोड हवी. "बाई, आपले नाव काय? किती रक्कम काढायची आहे?" हे दोन प्रश्न सोबतच्या पुरुषाला न विचारता थेट तिला विचारले, तर दोन गोष्टी साधतात. तिची ओळख पडताळली जाते आणि तिचा चेहरा एका व्यक्तीचा म्हणून मनावर ठसतो. रांग लांब असते, वेळ थोडा असतो, हे खरे. पण या दोन प्रश्नांना अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

सवयीने साधणाऱ्या गोष्टी

चेहऱ्यांचे स्मरण काही अंशी उपजत असले, तरी लक्ष देण्याची रीत प्रत्येकाला सुधारता येते. पुढील गोष्टी कर्मचारी आणि ग्राहक या दोघांनाही उपयोगी पडतील.

१. नव्या व्यक्तीला भेटताना हातातील काम क्षणभर बाजूला ठेवावे. तीन सेकंदांची पूर्ण नजर ही तीन मिनिटांच्या अर्धवट नजरेपेक्षा श्रेष्ठ ठरते.

२. केवळ पोशाख, वय किंवा पदर-पागोटे यांवर थांबू नये. ही व्यक्ती शांत आहे की घाईत, थकलेली आहे की आनंदात, असा एक विचार मनात करावा. त्या विचाराबरोबर चेहराही राहतो. मात्र चेहऱ्यावरून ठरविलेला प्रामाणिकपणा व्यवहारात प्रमाण मानू नये. तो केवळ स्मरणाचा आधार आहे.

३. चष्मा, केशरचना, मिशी, कुंकवाचा आकार या बदलणाऱ्या गोष्टी होत. छायाचित्र पडताळताना डोळ्यांची ठेवण, नाकाचा उंचवटा, कानांची घडण यांकडे पाहावे.

४. नाव ऐकल्यावर ते लगेच एकदा उच्चारावे आणि संध्याकाळी चेहऱ्यासह पुन्हा आठवावे. आठवण्याचा प्रयत्न केल्याने आठवण दृढ होते.

५. कोणी फसवणूक केली असेल, तर इतरांशी चर्चा करण्यापूर्वी त्या व्यक्तीचे वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावे. दुसऱ्यांचे बोलणे ऐकता ऐकता आपल्या आठवणीत त्यांचे तपशील मिसळतात आणि निरपराध माणसावर बोट ठेवले जाण्याचा संभव निर्माण होतो.

६. "चेहरा ओळखीचा वाटला" म्हणून कोणालाही एटीएमचा गुप्त क्रमांक किंवा सही केलेला कोरा धनादेश देऊ नये. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणारा आप्ताचा चेहराही आता बनावट असू शकतो. पैशाची मागणी झाल्यास आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

पुन्हा गोल बाजारात

तीजा-हरितालिकेच्या त्या गर्दीत पतींना पुढच्या रांगेतील चेहरा आठवला नाही, यात त्यांचा दोष नव्हता. त्यांचे लक्ष त्या दिवशी गाण्यात होते. बांगडीवाल्याचे लक्ष मनगटात होते, कारण त्याचा व्यवसायच त्यावर चालतो. ज्याचे जेथे लक्ष, त्याचे तेथे स्मरण. दोष घडतो तो, जेथे समोरच्या माणसाकडे लक्ष देणे हे आपले कर्तव्य असते आणि तरीही आपण त्याला एखाद्या ढोबळ नावाखाली लोटून देतो, तेव्हा.

व्यवहारात या अभ्यासाचे सार दोन गोष्टींत सांगता येईल. पैशाचा प्रश्न असेल तेथे आपल्या स्मरणावर विसंबू नये, खूण पाहावी, कागद पाहावा, सही पडताळावी. आणि माणसाचा प्रश्न असेल तेथे कागदावरून मान वर करून चेहरा पाहावा. पहिल्या गोष्टीने ठेव सुरक्षित राहते. दुसरीने तोंडओळखीची हळूहळू ओळख होते. आणि पदराआडून प्रथमच आपल्या नावाने पैसे काढायला आलेल्या स्त्रीला, या ठिकाणी आपल्याला कोणीतरी ओळखते, असा दिलासा मिळतो.